पाय दिसले का?

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाआधीच्या सत्रात, आम्हाला एक चित्र दाखवलं. भिंतीवर मोठी छापील प्रत टांगलेली, समोर अर्धवर्तुळात खुर्च्या, आणि सूचना एकच: वीस मिनिटं बघा, बोलू नका. 'नेतृत्व विकास' असं भारदस्त नाव असलेल्या कार्यशाळेत आपल्याला गप्प बसवतील अशी कुणाची कल्पना नव्हती. थोड्याच वेळात खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी घड्याळ बघतंय, कुणी स्वतःचे बूट. माझ्या शेजारी आमच्याच कंपनीतले एक वरिष्ठ बसले होते. हुशार माणूस, आणि खरं सांगायचं तर मला आवडणारा. त्यांनी हळूच फोन वर केला, चित्राचा फोटो काढला आणि एआयला विचारलं. उत्तर यायला दहा सेकंदही लागले नाहीत. फोन माझ्याकडे वळवून त्यांनी दाखवलंसुद्धा. चित्रकार ब्रॉयगेल, सोळावं शतक, ब्रसेल्सचं संग्रहालय, विषय इकारसचं पतन (ग्रीक कथेतला, मेणाने जोडलेल्या पंखांनी सूर्याच्या फार जवळ उडून समुद्रात पडलेला मुलगा), आशय म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाविषयी जगाची बेफिकिरी. पाच मुद्दे, नीटनेटके, ठळक अक्षरांत. मग फोन खिशात गेला आणि साहेब हाताची घडी घालून बसले. त्यांच्या दृष्टीने काम उरकलं होतं.

वेळ संपल्यावर प्रशिक्षक बाईंनी विचारलं, "काय दिसलं?" साहेबांनी बेफिकिरीबद्दल चार वाक्यं सांगितली. चांगली सांगितली. बाई म्हणाल्या, "छान. आणि इकारस कुठे आहे?" त्यांनी चित्राकडे बघितलं. आधी आकाशात शोधलं, मग डोंगराच्या बाजूला, मग परत आकाशात. "तो पडून गेला असणार," असं म्हणाले आणि सगळे हसले, तेही मोकळेपणाने हसले. सत्र पुढे गेलं.

त्यांना पाय दिसलेच नव्हते.

घरी आल्यावरही हे माझ्या डोक्यातून जाईना. त्यांचं उत्तर चुकलं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण ते बरोबर होतं. चित्र न बघता चित्राचं बरोबर उत्तर देता येतं, आणि ते देणाऱ्याला आपण काही गमावलं अशी शंकाही येत नाही, हे मला खटकत राहिलं.

मला काय दिसलं ते सांगते. सगळ्यात पुढे नांगर धरलेला शेतकरी, लाल बाह्यांचा, खाली मान घालून चाललेला. त्याच्या घोड्यामागे जमीन कापडाच्या चुण्यांसारखी पडत गेलेली. माझी बराच वेळ तिथेच रमलेली नजर मग खाली घसरली. काठीवर रेललेला मेंढपाळ, कुत्रा, मेंढ्या. उजवीकडे कोपऱ्यात पाठमोरा मासे धरणारा. शिडं फुगवून निघालेलं जहाज. आणि जहाज आणि किनारा यांच्या मधल्या हिरव्या पाण्यात काहीतरी पांढरट. आधी मला तो लाटेचा फेस वाटला. मग तो पाय झाला. मग दुसरा. दोन उघडे पाय, पाण्याबाहेर, आणि भोवती तरंगत खाली येणारी थोडी पिसं. चित्राला ज्याचं नाव आहे त्याचा एवढाच भाग चित्रात आहे. मेंढपाळ मान वर करून आकाशाकडे बघतोय, पण आकाशात काहीच नाही. सूर्य तर पार क्षितिजावर टेकलेला. पंखांचं मेण वितळवणारा सूर्य तिथे काय करतोय? आणि डावीकडच्या झुडपात एका माणसाचं फिकट डोकं दिसतं, बहुधा मेलेल्याचं. ते मला सापडलं नाही. ते आमच्या हिशोब विभागातल्या, बैठकांमध्ये कधी तोंड न उघडणाऱ्या एका सहकाऱ्याला सापडलं.

नंतर वाचल्यावर आणखी गोष्टी कळल्या. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत शेतकरी, मेंढपाळ आणि कोळी हे तिघेही उडणाऱ्या बापलेकांकडे थक्क होऊन बघतात, त्यांना देव समजतात. चित्रकाराने तिघांनाही ठेवलं आणि तिघांचीही नजर इकारसवरून काढून घेतली. या चित्राच्या दुसऱ्या एका उपलब्ध प्रतीत आकाशात इकारसचा बाप डीडॅलस उडताना दिसतो. म्हणजे मेंढपाळ तिथे कुणाकडे तरी बघतोय. ब्रसेल्सच्या चित्रात डीडॅलस नाही. आणि हे ब्रसेल्सचं चित्र खुद्द ब्रॉयगेलच्या हातचं आहे का, यावरच जाणकारांचं एकमत नाही. हरवलेल्या मूळ चित्राची ती नक्कल असावी असं अनेकांना वाटतं. पाच ठळक मुद्द्यांमध्ये यातलं काही नव्हतं. यंत्राला दोष द्यावा असं यात काही नाही म्हणा. विचारलं असतं तर त्याने हेही सांगितलं असतं. पण काय विचारायचं हे कळायला आधी रिकामं आकाश खटकायला हवं.

पद म्हणजे काय, याबद्दलचं माझं मत गेल्या काही वर्षांत बरंच खाली आलंय. माणूस जसजसा वर जातो तसतसं त्याच्यापर्यंत पोहोचणारं चित्र लहान होत जातं आणि शीर्षक मोठं. हे एआयच्या आधीही होतंच. उपप्रमुख होते, सल्लागार होते, 'थोडक्यात सांगा' होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि हे थोडक्यात सांगणं फुकट, क्षणात आणि सफाईदार भाषेत मिळायला लागलं. मीही वापरते, रोज वापरते, त्याबाबत सोवळं पाळायचा माझा विचार नाही. मागे ग्राहकांच्या तक्रारींचा एक गठ्ठा आम्ही त्याच्याकडून वाचून घेतला. 'एकूण सूर समाधानाचा. मुख्य नाराजी डिलिव्हरीच्या वेळेबाबत.' अगदी खरं. त्याच गठ्ठ्यात एका अंध ग्राहकाची तक्रार होती. पैसे भरण्याचं बटण त्यांच्या फोनमधला, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा वाचक उच्चारतच नव्हता, त्यामुळे ते दर वेळी शेजाऱ्याला बोलावून आपला व्यवहार पूर्ण करत होते. तक्रार एकच, म्हणून सारांशात तिला जागा नव्हती. कुणीतरी कंटाळा आला म्हणून मूळ पत्रं चाळत बसलं होतं, त्याला ती दिसली. हिरव्या पाण्यातले पाय ते हेच.

बघण्याची सवय शिकवता येते, हे ज्यांच्या हातात माणसांचे जीव आहेत त्या लोकांनी आधीच ओळखलं होतं. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन यांना नव्या डॉक्टरांचं निरीक्षण कच्चं वाटत होतं. लिंडा फ्रीडलेंडर यांच्यासोबत त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात नेलं आणि चित्रांसमोर उभं केलं. आधी फक्त बघायचं, मग जे दिसलं तेवढंच सांगायचं. 'बाई दुःखी आहे' म्हणायचं असेल तर खांदे कसे आहेत, हात कुठे आहे, उजेड कुठून येतोय ते आधी सांगा. ओळखीची चित्रं ते मुद्दाम टाळत, कारण ओळख पटली की बघणं थांबतं. २००१ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापले. संग्रहालयात गेलेल्या गटाचं रुग्णांच्या छायाचित्रांचं निरीक्षण इतरांपेक्षा सुधारलं होतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांची पद्धत तर तीन प्रश्नांत मावते. चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणता? आणखी काय सापडतंय?

मधला प्रश्न मला फार आवडतो. विचारणाऱ्याचं स्वतःचं मत त्यात कुठेच डोकावत नाही. तो नेमका विचारला तर खोलीतला सगळ्यात मोठ्या पगाराचा माणूस आणि सगळ्यात नवखा माणूस एका पातळीवर येतात, कारण दोघांनाही बोट चित्रावर ठेवावं लागतं. एआयने लिहिलेल्या अहवालालाही तो विचारता येतो, विचारायलाच हवा. पण बैठकीत विचारून बघा. 'कशावरून' म्हटलं की समोरच्याला ती उलटतपासणी वाटते. चित्रासमोर तसं वाटत नाही, कारण तिथे कुणाचं बढतीपत्र अडकलेलं नसतं. सराव तिथे व्हायला हवा, तो यासाठी.

बघण्याच्या पलीकडेही काही आहे, आणि त्याबद्दल मला स्वतःच्या अंगावरून सांगता येईल. कॉलेजात असताना आमच्या मुलींच्या वसतिगृहाने नाटक बसवलं होतं. सगळ्या मुलीच, त्यामुळे उंचीच्या हिशोबाने बापाची भूमिका माझ्या गळ्यात पडली. मुलीला घराबाहेर काढणारा बाप. तालमी रात्री, सभागृहातली निम्मी ट्यूब फडफडणारी, जुन्या पडद्यांना कुबट वास, आणि प्रयोगाच्या दिवशी मिशी चिकटवायचा स्पिरिट गम, ज्याने वरचा ओठ भाजल्यासारखा होतो. मी त्या बापाला पहिल्या दिवसापासून दुष्ट ठरवलं होतं. डोळे वटारायचे, आवाज चढवायचा. आमच्या दिग्दर्शिका बाई दोन-तीन तालमी बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तू त्याला शिक्षा करते आहेस. तो स्वतःला बरोबर समजतो. तो बरोबर आहे असं धरून एकदा बोल."

मला ते जमेना. रागच आला. असल्या माणसाला बरोबर कशाला धरायचं? पण संहितेत त्याची वाक्यं तीच, आणि ती मलाच म्हणायची होती, माझ्याच तोंडून, रोज रात्री. एका तालमीत मी आवाज खाली आणला आणि वाक्य आपोआप हळू झालं. हा माणूस घाबरलेला आहे हे मला तेव्हा कळलं, डोक्याला नव्हे, आधी घशाला. तो मला आवडला नाही, आजही आवडत नाही. मुलीला बाहेर काढणं चूकच. पण त्यानंतर एखादा माणूस मला पटत नसेल तर त्याचं वाक्य त्याच्या श्वासावर एकदा म्हणून बघायची खोड लागली, ती सुटली नाही. मी त्याने अधिक चांगली झाले असा माझा दावा नाही. हळू झाले. वाटाघाटींच्या टेबलावर हळू होणं पुष्कळदा पुरतं.

खूप वर्षांनी नेल्सन मंडेलांच्या आत्मचरित्रात रॉबेन बेटावरच्या तुरुंगातल्या नाटकांबद्दल वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले. कैदी नाताळात नाटक बसवत. एकदा प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझचं 'अँटिगनी' केलं, आणि मंडेला त्यात राजा क्रिऑन झाले. अँटिगनी म्हणजे राजाचा हुकूम मोडून भावाचे अंत्यसंस्कार करणारी, अन्यायाच्या कायद्यापुढे न झुकणारी. ते सगळे कैदी अँटिगनीच्या बाजूचे, किंबहुना सगळे अँटिगनीच. आणि त्यांचा नेता उभा राहिला राजाच्या जागी, जो आपल्या कायद्यापुढे कुणाचं ऐकत नाही आणि त्यातच सगळं घालवून बसतो. मंडेला लिहितात की न्यायाला दयेची जोड हवी, हे क्रिऑनला कळत नाही. १९९४ मध्ये सत्ता त्यांच्या हातात आली. तेव्हाच्या त्यांच्या वागण्याचं श्रेय एका नाताळातल्या प्रयोगाला देणं भाबडेपणाचं होईल. पण ज्याच्या कायद्याखाली आपण आत आहोत त्या सत्तेची वाक्यं स्वतःच्या तोंडून म्हणण्याचा अनुभव त्यांच्याजवळ होता. यंत्राला 'विरोधकाची बाजू मांड' म्हटलं तर ते उत्तम मांडून देतं. ती वाचून आपली बाजू आणखी पक्कीही करता येते. तोंडातून म्हणताना मात्र माणूस थोडा तरी सैल होतो.

आता यावरचा आक्षेप. तो कुणी घेण्याआधी मीच घेते, कारण 'कलेने माणूस घडतो' छापाची भाषणं मला सोसवत नाहीत. हिटलरला चित्रकार व्हायचं होतं. व्हिएन्नाच्या कला अकादमीने त्याला १९०७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये नाकारलं. गटे आणि शिलर या जर्मन साहित्यिकांचं वायमार, आणि त्याच गावापासून काही किलोमीटरवर १९३७ मध्ये उभी राहिलेली बुखेनवाल्ड छळछावणी. तिथल्या अधिकाऱ्यांना संगीत कळत नव्हतं असं नाही. कला जवळ असण्याने माणूस चांगला होत असता तर जगातल्या दिवाणखान्यांमधून फक्त संतच बाहेर पडले असते. कंपन्यांच्या कला-कार्यशाळांबद्दलही माझं मत फार बरं नाही. रंगाचे डबे वाटायचे, सगळ्यांनी मिळून एक मोठा कॅनव्हास माखायचा, फोटो काढायचा, आणि सोमवारी त्याच माणसाने त्याच माणसाचं बोलणं तोडायचं. हे मी जवळून पाहिलंय. तेव्हा चांगुलपणाचा मुद्दा मी सोडून देते. मला म्हणायचंय ते त्यापेक्षा लहान आहे.

पारख कुठून येते, एवढाच माझा प्रश्न आहे.

यंत्र आता दहा मसुदे देतं, दहा चेहरे देतं, दहा योजना देतं. पुढाऱ्याच्या, प्रमुखाच्या वाट्याला उरतं ते यातलं कुठलं धड आणि कुठलं नुसतं गुळगुळीत हे ओळखणं. २०१६ च्या मार्चमध्ये सोलला अल्फागो हे एआय यंत्र आणि कोरियन खेळाडू ली सेडॉल यांच्यात गो या पटावरच्या खेळाचा सामना झाला. दुसऱ्या डावात यंत्राने सदतिसावी खेळी केली तेव्हा समालोचकांनाही ती आधी चूक वाटली. फॅन हुई तिथे पंच होते. हे युरोपचे विजेते, आणि काही महिने आधी याच यंत्राकडून ५-० असे हरलेले. तेही आधी बुचकळ्यात पडले, पण त्या खेळीचं सौंदर्य त्यांना दिसलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. यंत्राने खेळी केली, पण ती सुंदर आहे हे ओळखायला जन्मभर त्या पटावर बसून वाईट खेळ्या केलेला माणूस लागला. मी तिथे असते तर मला एक काळी सोंगटी दिसली असती.

कचेऱ्यांमध्ये ही वाईट खेळ्यांची वर्षं असायची. बैठकीचं इतिवृत्त लिहा, पत्राचा कच्चा मसुदा करा, तक्ता पुन्हा तपासा. कंटाळवाणी कामं, आणि वरिष्ठांचे लाल पेनचे फरकाटे. आम्हाला तेव्हा ती नुसती वेठबिगारी वाटायची, आणि बरीचशी होतीही. पण त्यातच कधीतरी कळायचं की हे वाक्य का खोटं वाजतं, हा आकडा का जमत नाही. ती कामं आता यंत्राकडे गेली. जाऊ नयेत असं मी म्हणणार नाही. फक्त आजचे पंचविशीतले लोक पन्नाशीत निर्णय घेतील तेव्हा ते कशाच्या जोरावर घेतील, याचं उत्तर मला कुणी देत नाही. स्टॅनफर्डमध्ये जेम्स मार्च नेतृत्वाचा अभ्यासक्रम 'डॉन किहोटे', 'वॉर अँड पीस', 'ऑथेल्लो' यांच्या आधारे शिकवत, हे मला पूर्वी प्राध्यापकी हौस वाटायचं. आता वाटतं की त्या पुस्तकांचा सारांश वाचून तो वर्ग पार करता आला नसता, यातच त्याचं मोल असावं. गाणं असो, चित्र असो, नाटक असो, तिथे दुसऱ्याने केलेला रियाज आपल्या गळ्यात उतरत नाही. महिनोन् महिने बेसूर राहण्याची सोय कामाच्या ठिकाणाहून हद्दपार होत चालली आहे. कलेच्या खोलीत ती अजून आहे.

हे सगळं मी आमच्या विभागातल्या सगळ्यात नव्या मुलीला ऐकवलं. ती लहानपणापासून नृत्य शिकते, तेव्हा तिला तरी पटेल अशी माझी समजूत. पुढच्या प्रस्तावाचा पहिला मसुदा यंत्राशिवाय, स्वतः लिही, असं मी सुचवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅम, नाचात मी वाईट नाचले तर गुरू हात धरून मुद्रा नीट करतात. इथे मी वाईट मसुदा लिहिला तर तो वाचणार कोण? तुमच्याकडे वेळ आहे?"

मी कॅलेंडर उघडलं. आठवडा भरलेला होता. "शिवाय," ती म्हणाली, "मूल्यांकनात माझा वाईट मसुदा धरणार की नाही, तेही आधी सांगा." हा मुद्दा मी मनुष्यबळ विभागाकडे नेला. वाईट मसुद्यासाठी त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नाही, असं उत्तर आलं. मग आमच्यात असं ठरलं की बुधवारची एक आढावा बैठक मी सोडायची आणि तिचा मसुदा तिच्यासमोर बसून वाचायचा, आणि तिची अट म्हणून त्याच विषयावर मीही एक पान हाताने लिहून आणायचं. पहिल्या बुधवारी तिने माझं पान आधी घेतलं, दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कशावरून म्हणता?"